खुर्चीवरचा गायक

ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते आणि ह्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते. बाहेर ड्राइव्हवेच्या कडेला मार्चमधला काळपट बर्फ, आत स्वयंपाकघरात हे खुर्चीवर, गळ्याला आडवी पट्टी, नजर खिडकीबाहेर. मी कणीक मळत होते. मळत कसली, बडवत होते. भीती वाटली की माझे हात असेच चालतात.

मी मुळातच भित्री. विमान, हायवेवरचे ट्रक, अवेळी वाजलेला फोन, कशालाही घाबरते. आमची मुलगी ईशानी म्हणते, "आई, यू आर स्केअर्ड ऑफ द टोस्टर." असेन. पण या नऊ दिवसांची भीती निराळी होती. ऑपरेशन ह्यांना नको होतं. मी हट्ट केला, रडले, दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे हे तयार झाले. आता ह्यांचा आवाज गेला असेल, तर तो माझ्या हट्टापायी गेला.

आणि आवाज म्हणजे नुसता चहा मागायचा आवाज नव्हे. ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

माझे यजमान दीनानाथ पांढरीपांडे, वय ऐंशी. कॅनडातल्या आमच्या केंब्रिजच्या मराठी लोकांना हे रिटायर्ड इंजिनिअर म्हणून माहीत आहेत. पण इथल्या एखाद्या म्हाताऱ्या गोऱ्या नाहीतर पोर्तुगीज जोडप्याला विचारा. ते म्हणतील, डॅनी नाथ? तो आमच्या लग्नात गायला होता. पांढरीपांडे हे आडनाव कुठल्याही पोस्टरवर मावलं नसतं, म्हणून बँडवाल्यांनी दीनानाथचा डॅनी केला आणि उरलेल्याचं आडनाव. ह्यांनी ते हसून घेतलं. मी अजून घेतलेलं नाही.

हे नागपूरचे, अजनीच्या रेल्वे कॉलनीतले. वडील माल ऑफिसात कारकून. कॉलनीत रेल्वेचं इन्स्टिट्यूट होतं, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे अँग्लो-इंडियन गार्ड आणि ड्रायव्हर मंडळी बायकांना घेऊन नाचायची. सात जणांचा बँड असायचा. गाणी सगळी लढाईच्या काळातली, तिकडे परदेशात जुनी झालेली, पण नागपूरला पोचायला त्यांना वेळ लागला होता. बाकीची पोरं खिडकीला लोंबकळून बायकांचे फ्रॉक बघायची. हे बँड ऐकायचे. एक दिवस रॉड्रिक्स नावाच्या गार्डने ह्यांना खिडकीतून गुणगुणताना पकडलं आणि कानाला धरून आत नेलं. ह्यांना वाटलं, आता मार बसणार. त्याने मायक्रोफोनसमोर उभं केलं.

त्या माणसाने ह्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली ही, की ओरडायचं नाही. मोठा आवाज करायला मायक्रोफोन आहे. आपण एका बाईच्या कानात सांगतोय, असं गायचं. या गाण्याला क्रूनिंग म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मला वाटायचं, ह्यांच्यात दम नाही.

दुसरी गोष्ट खुर्चीची. बँडचा गायक हा काही मैफिलीचा मालक नसतो. गाणं सुरू होतं तेव्हा तो बाजूच्या खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसतो. बँड अख्खी चाल एकदा वाजवून घेतो. चार मात्रांचा एक बार, असे बत्तीस बार. एकतिसाव्याला गायकाने उठायचं, बत्तीस संपले की गायला लागायचं, आपलं एक आवर्तन गाऊन पुन्हा खुर्चीवर येऊन बसायचं. लोक नाचत असतात, तुझ्याकडे कुणी बघत नसतं, पण तू एक बार आधी आलास तर नाचणाऱ्या सगळ्यांचे पाय अडखळतात, असं रॉड्रिक्स सांगायचा. ह्यांनी ते वेदवाक्य मानलं.

सत्तर साली हे इथे आले. तेव्हा गावाला केंब्रिज नाव पडलेलं नव्हतं, गाल्टच म्हणायचे. मशीनचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. तिथे लेथवर मन्युएल होता, सगळ्यांचा मॅनी, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेला, ट्रॉम्बोन वाजवणारा. लंचच्या वेळी ह्यांचं गुणगुणणं ऐकून त्याने सँडविच खाली ठेवलं आणि विचारलं, हे गाणं तुला कोणी शिकवलं? हे म्हणाले, नागपूरच्या गार्डने. मॅनीला दोन्ही शब्द समजले नाहीत. पण त्या शनिवारपासून हे त्याच्या बँडचे गायक झाले.

मी त्र्याहत्तर साली लग्न होऊन अमरावतीहून आले. आमच्या बाबांना सांगितलं होतं की मुलगा इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, शनिवारी ओव्हरटाइम करतो. पहिल्याच शनिवारी हे काळा सूट आणि बो लावून तयार झाले आणि म्हणाले, "चल, तुला ओव्हरटाइम दाखवतो."

तो हॉल मला आजही दिसतो. मी साडीवर विंटर कोट घालून, पायात ह्यांचे मोजे आणि कोणाचे तरी बूट, कोट टांगतात त्या दांडीखाली बसले होते. दोनशे गोरी माणसं. ह्यांचं नाव पुकारलं आणि हे उठले. काही माना वळल्या. पुढच्या टेबलावरच्या दांडग्या माणसाने ग्लास खाली ठेवला आणि तो सरळ ह्यांच्या दिशेने चालायला लागला. मला वाटलं, झालं, लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत आणि कुंकू पुसतंय. तो माणूस स्टेजपाशी गेला, वळला, तिथे बसलेल्या बायकोचा हात धरला आणि नाचायला लागला. बायकोच्या केसात त्याने तोंड खुपसलं होतं.

पण प्रत्येक वेळी माझी भीती खोटी ठरली असं नाही. शहात्तर साली एका लग्नात मुलीच्या बापाने ह्यांना बघितलं आणि मॅनीला बाजूला घेतलं. गायक असा असेल हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाला. मॅनी भडकला, बँड गुंडाळायला निघाला. हेच म्हणाले, पोरीचं लग्न आहे, तिचा काय दोष. मग किचनच्या दाराशी पडद्यामागे खुर्ची टाकून हे तिथून गायले. संध्याकाळभर. कुणाचाही पाय अडखळला नाही. घरी आल्यावर दोन दिवस हे एक शब्द बोलले नाहीत. मी काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं, हा माणूस दुखावला की भांडत नाही, तो आवाज बंद करतो.

आणि हे नऊ दिवस मी त्याच गोष्टीला घाबरत होते.

घरी ह्यांचा सराव भांडी घासताना चालायचा. बँड घरात आणता येत नाही, तर बत्तीस बार मोजणार कोण? मी. कणकेच्या स्टीलच्या डब्यावर लाटण्याने एका बारला एक ठोका. मॅनीने लंबक हलणारं यंत्र दिलं होतं, ह्यांनी ते बेसमेंटमध्ये ठेवून दिलं. म्हणाले, ते श्वास घेत नाही. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण मोजता येतं. आमटीत दुप्पट मीठ पडलं तरी हा माणूस मुकाट्याने खाणार, पण बार चुकलेला ह्यांना सहन होत नाही. एकदा फोन वाजला आणि मी तिसाव्यालाच लाटणं ठेवलं. साबणाच्या हातांनी वळून म्हणाले, "उल्का, दोन राहिले." असे म्हणाले, जणू काही मी तान्ही ईशानी बसमध्ये विसरून आले होते. त्यानंतर पन्नास वर्षांत मी एकदाही चुकले नाही.

मंडळाच्या लोकांना हे सगळं उशिरा कळलं. कळल्यावर गणपतीत आग्रह सुरू झाला, दीनानाथराव, एक नाट्यगीत होऊन जाऊ द्या. हे खरं ते सांगायचे, मला येत नाही. हे नाव आणि नाट्यगीत येत नाही, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. लोकांना वाटायचं भाव खातोय. हे प्रसाद घेऊन घरी यायचे आणि शनिवारी पोर्तुगीज क्लबात जाऊन आपल्या खुर्चीवर बसायचे.

वर्षं गेली. बँडमधली माणसं एकेक करून गेली, त्यांच्या जागी रिटायर झालेले मास्तर आणि कॉलेजची मुलं आली. नाचणाऱ्यांच्या हातात काठ्या आल्या. मॅनी दर दोन-चार वर्षांनी ह्यांना न सांगता गाण्यांची पट्टी थोडी खाली उतरवत गेला, आणि हे ते ओळखून न ओळखल्यासारखं करत गेले. तरी ह्यांचा आवाज तसाच राहिला, मऊ, अगदी जवळून आल्यासारखा.

गेल्या नोव्हेंबरात दाढी करताना ह्यांच्या बोटांना गळ्यात गाठ लागली.

सर्जनबाई आमच्या ईशानीच्या वयाची होती. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. थायरॉइडमध्ये कॅन्सर आहे, फार वाईट जातीचा नाही, पण काढायला हवा. आणि आवाजाच्या पडद्यांकडे जाणारी नस नेमकी तिथूनच जाते, दोऱ्याएवढी बारीक. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, ती दुखावली तर? ती म्हणाली, आवाज घोगरा होईल, लवकर दमेल. बहुतेकांचा परत येतो. काहींचा येत नाही.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "राहू दे."

"काय राहू दे?"

"ऑपरेशन. ऐंशी झाली माझी. ती गाठ सावकाश वाढते म्हणाली ना ती? वाढू दे. मी गात गात जाईन."

"तुम्ही गात गात जाल. आणि मी काय करू? मागे बसून डबा वाजवू?"

मग मी जे बोलले ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी म्हणाले, "मला तुमचं गाणं नको. कधीच नको होतं. मला तुम्ही पाहिजे." गाडी पार्किंगमध्ये तशीच उभी होती. ह्यांनी किल्ली फिरवली आणि घरापर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. त्यानंतर माझं रडणं, उपाशी राहणं झालं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी ह्यांनी सही केली.

ऑपरेशन चार तास चाललं. मी वेटिंग रूममध्ये ईशानीच्या हाताला नखं रुतवून बसले होते. सर्जनबाई बाहेर आली, गाठ पूर्ण निघाली म्हणाली. नस सांभाळली आहे, पण ती खेचली गेलीय, सूज आहे. बोलतील तेव्हाच कळेल. हळूहळू बोलू द्या.

पण हे बोलेचनात. नर्सने नाव विचारलं तर हातातला पट्टा दाखवला. दुसऱ्या दिवशी घरी आलो. ईशानीने फ्रिजला पांढरी पाटी आणून लावली, तिच्यावर हे लिहायचे. चहा. गोळी झाली. हीटिंग कमी कर. ईशानी म्हणाली, "बाबा, जस्ट से समथिंग. एनीथिंग." ह्यांनी पाटीवर लिहिलं, उद्या. तो उद्या काही येईना. ती बिचारी रविवारी ऑफिससाठी मिल्टनला परत गेली.

मॅनी रोज फोन करायचा. चौऱ्याऐंशीचा म्हातारा, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून विचारायचा, डॅनी कसा आहे? मेच्या डान्सला येतोय ना? ते ओरडणं ह्यांना दुसऱ्या खोलीत ऐकू जायचं. मी म्हणायचे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. बाथरूममध्ये हे गेले की मी दाराला कान लावायचे. आत एकटे असताना तरी घसा खाकरतील. पाण्याशिवाय काही ऐकू यायचं नाही.

विचारायचं धैर्य मला होईना. विचारलं, ह्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली तर? त्याहून वाईट म्हणजे, आवाज असेल आणि हे मला तो देत नसतील तर? तुला माझं गाणं नको होतं ना, घे मग. ह्यांच्या पाटीवर असं लिहिलेलं मला स्वप्नात दिसायचं.

तर ती नवव्या दिवसाची सकाळ. मी कणीक बडवत होते आणि मध्येच ह्यांच्याकडे पाहिलं. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. असे हे घरात कधी बसत नाहीत, घरात हे लोळतात. आणि उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर वर-खाली होत होती. सावकाश, नेमाने. हे आत कुठेतरी मोजत होते.

मला काय सुचलं कोण जाणे. मी हात न धुताच डबा पुढे ओढला आणि लाटण्याने ह्यांच्या बोटाबरोबर ठोका दिला. एक. बोट थांबलं. मी दुसरा दिला. तिसरा दिला. चौथ्याला बोट पुन्हा हलायला लागलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दहापर्यंत ठीक होतं. अकराव्या-बाराव्याला माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय. बत्तीस संपल्यावर ह्यांना उठावं लागणार. आणि हे उठले नाहीत तर तो निकाल असणार. गुरुवारी सर्जनबाई दुर्बीण घालून सांगणार होती ते मी आत्ता, कणकेच्या हातांनी उकरून काढत होते. थांबावंसं वाटलं. पण थांबले असते तर तोही निकालच होता. वीस. एकवीस. लाटणं हातात ओलं झालं होतं. पुढे मी आकडे म्हणत होते की नुसती देवाचं नाव घेत होते, मला आठवत नाही. मला वाटलं, बत्तीस झाले. हे बसलेलेच होते. उठले नाहीत, हलले नाहीत.

संपलं, असं मनात म्हणून मी लाटणं खाली ठेवलं.

"दोन राहिले."

आधी मला कळलंच नाही कुठून आलं. गोणपाट फरशीवरून ओढल्यासारखा आवाज, अर्धा वारा. मी वळले. ह्यांचा हात गळ्यावरच्या पट्टीवर गेला होता आणि डोळे विस्फारले होते. इतकी भ्यालेली नजर मी ह्यांची कधी बघितली नव्हती. या घरातली भित्री बाई मी, असंच मी इतकी वर्षं समजत आले होते.

ईशानी सगळ्यांना सांगते की आई मुद्दाम चुकली. मुद्दाम कसलं डोंबल, माझे हात कापत होते.

"बोला," मी म्हणाले. "पुन्हा बोला."

शब्द एकेक करून, मध्ये श्वास घेत आले. "बोललो नव्हतो... तोवर आवाज गेला नव्हता."

"माझ्यावर रागावला नव्हतात?"

"तुझ्यावर कशाला?" मग पुन्हा श्वास. "भीती वाटत होती गं."

मला इतकं रडू आलं की पदर शोधता शोधता सगळ्या तोंडाला कणीक लागली. हे बघत राहिले. मग ह्यांनी गुडघ्यावर बोट आपटलं आणि त्याच फाटक्या आवाजात म्हणाले, "उल्का. दोन."

मी लाटणं उचललं. एकतीस. हे टेबलाला धरून उठले. बत्तीस.

आणि हे वेळेवर आले. पण स्वर ओट्यापर्यंत पोचेना. सूर होता की नाही ते मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. मायक्रोफोन नव्हता, आणि त्याच्याशिवाय ऐकू जाईल एवढंही ह्यांच्या गळ्यात काही उरलेलं नव्हतं. म्हणून हे तीन पावलं चालत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड माझ्या कानाशी आणून डान्सच्या शेवटी म्हणतात ते संथ गाणं गायला लागले. बावन्न वर्षांत हॉलभर बायकांच्या कानात गायलेला हा माणूस माझ्या कानाशी पहिल्यांदाच आला होता. वरचे सूर आलेच नाहीत, तिथे नुसता वारा होता. मी कणकेचे हात तसेच हवेत धरून उभी राहिले आणि तो वारासुद्धा ऐकला.